चौथा कोपरा

"शेवटचा बिल्ला तुझ्याच हातानं टाचायचा, काकू," म्हणत पुतण्यानं मखमल लावलेली पाटी तिच्या मांडीवर ठेवली आणि खिशातून कागदाची पुडी काढली.

मखमलीवर काकांच्या आधीच्या पलटणींचे बिल्ले ओळीनं बसले होते. सगळे नवेकोरे, कधी कुणाच्या दंडावर न चढलेले. मधली जागा तेवढी रिकामी होती. काका ज्या पलटणीतून युद्धावर गेले, तिचा बिल्ला काही केल्या मिळत नव्हता. पुतण्यानं त्यासाठी जुन्या बाजारातल्या दुकानांचे उंबरठे झिजवले होते, ओळखदेख नसलेल्या माणसांना फोन करून भंडावून सोडलं होतं. घरात माणसांना बसायला जागा नाही आणि बिल्ल्यांना मखमल, असं त्याची बायको म्हणायची. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. आपल्या वाट्याला काका आलेच नाहीत, निदान त्यांची खूण तरी भिंतीवर असावी, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

काकूला ही फ्रेम कधीच नको होती. नवऱ्याची खूण तिला कशाला हवी? बेपत्ता आहे, मेला असं समजावं, हे वरून कळवलं गेलं तेव्हापासून तो घरातच होता. ती दुपारी शिवायला बसली की मागच्या खोलीतली खाट करकरायची. पाणी प्यायला उठली की स्वयंपाकघरात आधीच कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. सुरुवातीला ती घाबरायची. मग अंगवळणी पडलं. पुढे पुढे तर आवाज आला नाही की तिलाच चैन पडेना. हातातलं काम थांबवून ती हळूच विचारायची, "आहेस ना?"

तिनं चष्मा लावला आणि पुडी सोडली. कापडी बिल्ला होता, चांगलाच वापरलेला, रंग उडालेला. तिनं तो उलटा केला. तीन कोपरे स्वच्छ उसवलेले होते. चौथ्या कोपऱ्यात मात्र गाठ तशीच होती, आणि गाठीत अडकलेला नखाएवढा खाकी तुकडा, भोवतीनं कातरलेला.

काकूचा हात जागीच राहिला. ती गाठ तिची होती. शेवटच्या कोपऱ्यात दोरा उलटा फिरवून दोनदा आत ओवायची तिची खोड होती आणि ती गाठ दुसऱ्या कुणाला सुटत नसे. बदली झाली की जुना बिल्ला जमा करावा लागायचा. नवरा स्वतःच उसवायला बसायचा. चार टाके सोडून एक कापायचा आणि मग दोरा अख्खाच्या अख्खा ओढून काढायचा, तिनंच शिकवलं होतं तसं. चौथ्या कोपऱ्याशी त्याचं घोडं अडायचं. बायकोला हाक मारण्याएवढाही धीर नसायचा, गाठीभोवतीचं कापडच कातरून मोकळा व्हायचा. मग शर्टाला भोक पाडलं म्हणून ती त्याचा उद्धार करायची आणि तो हसत बसायचा.

म्हणजे हा त्याचाच. तिचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी त्याचं काहीतरी हातात आलं होतं.

"कुठं मिळाला रे हा?"

"तीच तर गंमत आहे," पुतण्या खुर्ची पुढे ओढून बसला. "दुकानदार सांगत होता, एक म्हातारा जुना शर्ट घेऊन आला, बिल्ल्यासकट. दुकानदार म्हणाला, शर्ट नको, नुसता बिल्ला द्या. तर पठ्ठ्यानं ब्लेड मागून घेतलं आणि तिथंच पायरीवर बसून उसवला. सगळा अगदी नीट. शेवटच्या कोपऱ्याशी अडला. मग एकटाच हसला म्हणे, आणि कापडच कापलं."

काकूनं त्या गाठीवरून अंगठा फिरवला.

"काकांच्या पलटणीतलाच असणार कुणीतरी. भेटला असता तर किती विचारलं असतं."

"कधीची गोष्ट?"

"याच वर्षातली. नाव काही सांगितलं नाही त्यानं. दुकानदारानं विचारलं, घरच्यांना नको का हा? तर म्हणाला, घरचे विसरले असतील एव्हाना."

काकूनं मागच्या खोलीकडे कान दिला. खाट करकरली नाही. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. मेलेला होता तोवर घरात होता, आणि आता जिवंत झाला तसा निघून गेला. त्याहून वाईट म्हणजे तो हसला होता. चौथ्या कोपऱ्याशी हसला, म्हणजे त्याला सगळं आठवत होतं. ते तिला सोसेना.

"काकू? बरं वाटत नाही का?"

तिनं पुतण्याकडे पाहिलं. लहानपणापासून काकांचं नाव घेताना त्याची मान ताठ व्हायची. आत्ताही झाली होती.

"डोळ्यात काहीतरी गेलंय," ती म्हणाली. "सुई ओवून दे. दोरा दुहेरी घे."

तिनं बिल्ला मधल्या जागेवर ठेवला आणि टाचायला घेतला. एका कोपऱ्यात दोरा उलटा फिरवून दोनदा आत ओवला. दुसऱ्यातही तसाच. मग तिसऱ्यात.

"अगं, दोन टाके पुरेत," पुतण्या हसला. "काचेच्या आत जायचाय. पडतोय कुठं?"

काकूनं चौथ्या कोपऱ्यात गाठ मारली, तिच्यावर आणखी एक मारली, आणि बोटाला वळ उठेपर्यंत दोरा ओढला. मग तो दातांनी तोडला.

"आता उसव म्हणावं."