तेल लावलेली वेणी

महिलांच्या बॅचला दहा मिनिटं होती. तरण तलावाच्या कपडे बदलायच्या खोलीत ऋजुता बाकावर बसली होती आणि आई मागे उभी राहून तिच्या केसांना खोबरेल चोपडत होती.

"आई, पुरे ना आता!"

"गप बस. ते क्लोरीन केसांचा पार झाडू करतं. तेल मुरलं, की पाणी आत शिरत नाही."

तेच तर ऋजुताला नको होतं. उद्या कोर्टातलं यंत्र तिचा केस मुळापासून टोकापर्यंत वाचणार होतं. कुठल्या महिन्यात कुठलं औषध पोटात गेलं, ते सगळं त्यात उमटलेलं असे. नवऱ्याचं घर सोडल्यावर चार महिने ती झोपेच्या गोळ्यांवर होती. आईलाही ते ठाऊक नव्हतं. ते उघड झालं, की तिची चार वर्षांची मुलगी ओवी त्याच्याकडे जाणार. केस कापले तर ती कबुलीच ठरे. पण क्लोरीनने खराब झालेला केस यंत्राला वाचता येत नसे, आणि पोहायला बंदी नव्हती.

आईने घट्ट वेणी घालून तिचा अंबाडा बांधला आणि वर रबरी टोपी चढवली. "त्याचा वकील काय वाट्टेल ते बोलू दे. उद्या तुझा एकेक केस तुझ्या बाजूने साक्ष देईल."

शिट्टी वाजली. ऋजुताने बुडी मारली आणि पाण्याखाली टोपी ओढून सैल केली. श्वास संपल्यावर ती काठाशी वर आली.

आई तिथेच वाकून उभी होती. तिने टोपी पुन्हा कानांवर नीट ओढली आणि म्हणाली, "आता पोह निवांत. मी इथेच आहे."