शेणवाली

दारिंकाच्या वेलीवरचं एक पान पिवळं पडून खाली वळलं होतं. तुडतुड्यांनी पसरणारा, औषध नसलेला रोग असेल, तर सगळी द्राक्षबाग उपटून जाळावी लागणार. विपावा खोऱ्यात विषाचा थेंबही न फवारता शेणखतावर पोसलेली, ‘बायोडायनॅमिक’ म्हणतात तशी बाग तिची एकटीची. रोग कुठेही निघाला तरी बोट तिच्याकडेच वळणार होतं. तिने घाईने पान खुडलं, तेवढ्यात शेजारचा रादिवोय बांधावर येऊन उभा राहिला. दर रविवारी चर्चबाहेर चारचौघांत तिला ‘शेणवाली’ म्हणून हिणवणारा तोच.

तिने पान मुठीत दडवलं. “माझ्याकडे सगळं ठीक आहे हं, रादिवोयकाका!”

“मी कुठं काय विचारलं?” त्याने तिच्या वेलींवरून नजर फिरवली. मग टोपी काढून हळूच म्हणाला, “पोरी, ते गाईच्या शिंगात भरून पुरतेस ना, त्या शेणाचं पाणी देशील थोडं? सगळी औषधं फवारून झाली. तरी माझ्या दोन ओळी पिवळ्या पडल्यात.”

दारिंकाने मुठीतलं पान चुरगळलं. त्याच्या फवारणीने तुडतुडे बांधापलीकडेच मरतात, याच भरवशावर ती इतकी वर्षं मनातून निर्धास्त झोपत आली होती.