साखळीआडचा रस्ता

कराडातल्या कासार गल्लीत वाहनांना बंदी झाली आणि रस्ता पायी चालणाऱ्यांचा झाला. दोन्ही तोंडांना लोखंडी साखळ्या लागल्या. कुलपांच्या किल्ल्या राखणदार हंबीररावांच्या कमरेला. पलटणीतून परतलेला माणूस. आत सायकलसुद्धा जाऊ द्यायचा नाही.

आठवडाही झाला नव्हता, तोच भर बाजारात तो आवाज येऊ लागला. टांगेवाला वाट मागायला फिरत्या चाकात चाबकाची काठी धरतो तेव्हा होतो तसा, कर्रर्र. हंबीरराव धावत जायचे. टांगा नसायचा, साखळीचं कुलूप जागच्या जागी. माणसं मात्र बोलता बोलता दोन्ही कडांना सरकलेली असायची, आणि जरा वेळानं पुन्हा रस्ताभर पसरायची.

"शालूबाई, टांगा कोण सोडतंय आत?" त्यांनी भाजीवालीला दरडावलं.

"आवं, टांगं कवाच बंद झालं न्हवं का?"

बाई खोटं बोलतेय, सगळी गल्लीच सामील आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं. दुसऱ्या दिवशी ते शालूबाईसमोरच, रस्त्याच्या मधोमध पाय रोवून उभे राहिले.

आवाज पाठीमागून आला. पुढची गर्दी दुभंगली. हंबीरराव हलले नाहीत. कर्रर्र आवाज अगदी पाठीशी आला आणि थांबला.

शालूबाईनं पाटी मागं ओढली.

"जरा दम धर रं," ती रोजच्या आवाजात म्हणाली. "म्हातारं सरकंल आता."

ती हंबीररावांशी बोलत नव्हती. तिची नजर त्यांच्या डोक्यावरून मागं, टांगेवाला बसतो तेवढ्या उंचीवर होती.