लाल पाटी

लाल पाटी दिसली आणि उद्याशेठच्या जिवात जीव आला. पंधराशे मीटर संपत आले होते. पल्याडच्या काठावर त्याची बायको गुडघे टेकून बसली होती आणि पाटी पाण्यात खुपसून गदागदा हलवत होती. काळे आकडे म्हणजे अजून फेऱ्या शिल्लक. लाल पाटी म्हणजे वळायचं, समोरची भिंत गाठायची, की सुटलो.

तो वळला आणि निघाला. आता राखून ठेवलेलं सगळं काढायचं होतं, आणि उद्याशेठकडे राखून ठेवलेलं नेहमीच भरपूर असे.

त्याला खरं नाव होतं, पण तरणतलावावर ते कोणाच्या लक्षात नव्हतं. विजेचं बिल? उद्या. नवा गॉगल? उद्या. आयुष्यात एकदाच तो वेळेवर पोचला होता, स्वतःच्या लग्नाला, आणि ते तो अजून चारचौघांत कौतुकाने सांगत असे. पाण्यातही तीच तऱ्हा. आधीच्या फेऱ्या जेवणानंतर शतपावली घातल्यासारख्या. लाल पाटी दिसली की मात्र अंगात वारं शिरायचं. राष्ट्रीय पदकं त्याने अशीच मिळवली होती, शेवटच्या दमात दुसऱ्याला मागे टाकून. आंतरराष्ट्रीय स्पर्धेला पदक पुरत नव्हतं. तिथे ठरलेल्या वेळेच्या आत यावं लागे, आणि ती वेळ दरवेळी थोडक्यात हुकायची.

"आज नाही जमलं तर विसर," सकाळीच त्याच्या प्रशिक्षक सरांनी सांगितलं होतं. "वय कोणासाठी थांबत नाही. मग बालवर्गाला पाण्यात बुडबुडे काढायला शिकव. जागा रिकामी आहे."

उद्याशेठने त्याचा चांगलाच धसका घेतला होता. त्याला बुडबुडे शिकवायचे नव्हते. लांबच्या कुठल्यातरी तलावात, छातीवर देशाचं नाव लावून, एकदा तरी उडी मारायची होती.

पाटी दाखवायला प्रत्येकाने आपलं माणूस आणायचं, अशी त्या स्पर्धेची रीत होती. आपलं माणूस चुकलं तर पंच हात झटकून मोकळे. नेहमीचा मित्र नेमका तापाने आडवा झाला, म्हणून बायकोला बसवलं. ती शाळेत गणित शिकवायची. याहून भरवशाचं माणूस कुठून आणणार, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

भिंत जवळ आली. उद्याशेठने हात लांबवला, आणि तेवढ्यात शेजारच्या पट्ट्यातला गडी कोलांटी मारून पुन्हा निघाला. त्याच्या पलीकडचाही निघाला. काठावर सर दोन्ही हात हलवून जा, जा करत होते. उद्याशेठने कशीबशी कोलांटी घेतली. बाईसाहेब चुकल्या वाटतं. अख्ख्या वर्गाचे पेपर तपासते आणि एवढं मोजता येईना. मनातल्या मनात बडबडत तो पल्याड पोचला. तिथे पुन्हा लाल पाटी.

चला, आता तरी खरी. त्याने उरलंसुरलं सगळं ओतलं. छाती फुटायची वेळ आली. भिंत आली, आणि शेजारचा गडी पुन्हा वळला.

आता मात्र उद्याशेठच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या गार पाण्यातसुद्धा. तो पोहत नव्हताच, भांडायला निघाला होता. पल्याडच्या काठावर बायकोचा चेहरा दिसला. फळा पुसताना असतो तसा, अगदी शांत. हातात तीच लाल पाटी. थांबून भांडावं तर वेळ जाणार. मग जे काही तोंडाने सुनावायचं होतं ते त्याने हातापायांनी पाण्याला सुनावलं.

भिंतीला हात लागला. पाटीवर आता त्याचा काडीचा विश्वास उरला नव्हता, म्हणून तो पुन्हा वळू लागला. सरांनी वाकून त्याची टोपी पकडली.

"अरे गाढवा, संपलं. वर बघ."

त्याने फलकाकडे बघितलं. ठरलेल्या वेळेच्या आत, तेही चांगलं ऐसपैस. शेजारचा गडी अजून येतच होता. सर डोळे पुसत होते. उद्याशेठलाही भरून आलं, पण राग आधी बाहेर पडायला बघत होता. टॉवेलही न घेता, पाणी निथळत तो तडक पल्याडच्या काठावर गेला. सर त्याच्या मागे धावले.

"गणिताची बाई ना गं तू?" तो म्हणाला. "शेवटची फेरी एकदा येते. तीनदा नाही."

बायको पाट्या कोरड्या करत होती.

"जाऊ दे रे, जमलं ना," सर मध्ये पडले. मग तिच्याकडे वळून हळूच म्हणाले, "पण सूनबाई, माझा जीव जायचा राहिला. एवढी कशी चूक झाली?"

"चूक नाही, सर," ती लाल पाटी पिशवीत ठेवत म्हणाली. "लग्नाची वेळसुद्धा मी याला दोन तास आधीची सांगितली होती."