घरगुती आवाज

घशाच्या ऑपरेशननंतर कृत्रिम स्वरयंत्र बसवलं, तेव्हापासून खो-खोच्या प्रशिक्षक शरयू घोरपडे यांना मैदानावर ओरडता येत नव्हतं. गेल्या महिन्यात दिव्याचा खांब कलताना दिसला, तेव्हा त्यांनी जिवाच्या आकांताने मुलींना हाक मारली. ती कुणालाच ऐकू गेली नाही आणि संघातल्या रेवतीचा पाय खांबाखाली सापडून मोडला. आपलाच घसा कमजोर, असं शरयूताई समजत राहिल्या.

मग नव्या अपडेटमुळे, यंत्र बनवतानाच्या सेटिंग्ज रुग्णांनाही वाचता येऊ लागल्या. शरयूताईंनी फोनवर यंत्राला विचारणारी दोन ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहून चालवली. उत्तर आलं : ‘वापरणारी व्यक्ती : स्त्री. कमाल आवाज : घरगुती.’

दुसऱ्या दिवशी शरयूताई यंत्राच्या कंपनीच्या केंद्रात जाऊन तिथल्या इंजिनिअरसमोर, सामंतांसमोर, बसल्या.

“पुरुषांच्या यंत्रात काय लिहिलंय?”

“मैदानी,” सामंत म्हणाले. “पण ते बनवतानाच पक्कं होतं. स्क्रिप्टला फक्त वाचता येतं, बदलता येत नाही.”

“माझ्या पोरीचा पाय मोडलाय.”

“कळतंय मला. म्हणूनच तर आपण शांतपणे बोलतोय ना, मॅडम.”

“मी ओरडतेय, सामंत.”

रुग्णांना आत बोलावण्यासाठी ठेवलेला माईक शरयूताईंनी टेबलावरून ओढून घेतला आणि तसंच यंत्र बसवलेल्या, बाहेर बसलेल्या बायकांना आपापल्या फोनवर चालवून बघण्यासाठी ती स्क्रिप्ट अक्षर न् अक्षर वाचून दाखवली.