जोतीरामचा कान

डोळे मिटून जोतीराम बटण दाबत होता. काचेअलीकडं मशीनवरचा हिरवा दिवा लागत होता, विझत होता, पुन्हा लागत होता. दानेश्वरी सिस्टरनं पेन खाली ठेवलं. तिनं अजून आवाज सोडलाच नव्हता.

फौंड्रीच्या दवाखान्यातली ती कान तपासायची पेटी, कपाटाएवढी. आतून सगळा स्पंज. दार लावलं की भट्टी, ग्राइंडर, क्रेन, सगळं पाण्यात बुडाल्यासारखं लांब जायचं. सोमवारच्या सुट्टीनं कान जरा विसावलेले असतात, म्हणून मंगळवारी सकाळी कामाला लागायच्या आधी ती एकेकाला आत बसवायची. हेडफोनमधून बारीक आवाज येईल, ऐकू आला की बटण दाबायचं. एवढंच.

जोतीरामच्या चेहऱ्यावर हसू होतं. पन्नाशीचा माणूस, पण झोपेत तान्हं बाळ हसतं ना, तसं. तिला दार उघडवेना.

शेवटी उघडलं.

"झालं व्हय?" तो मोठ्यानं म्हणाला. मोठ्यानंच बोलायचा तो. "एक बी सोडला न्हाय बघा. लई ग्वाड वाजत हुतं, सिस्टर. आमच्या शाहूवाडीला भाताच्या खाचरात रातकिडं वरडत्यात न्हवं, तसं. वाटलं, हितंच पडून ऱ्हावं."

"मामा, आवाज मी अजून सोडलाच न्हाय."

"करा की चेष्टा म्हाताऱ्याची!"

तिनं त्याच्या डोक्यावरचा हेडफोन काढला आणि टेबलावर ठेवला. "आता?"

तो ऐकत राहिला. मान जराशी वाकडी करून, लक्ष देऊन. मग हसू हळूहळू उतरलं.

"मग ह्ये कोण वाजवतंय?"

तिनं त्याला पुन्हा आत बसवलं आणि नीट तपासलं. या वेळी दिवा फारसा लागला नाही, आणि लागला तोही भलत्याच वेळी. कागदावरची रेघ घाट उतरल्यासारखी खाली गेली.

"कान आतून दमले की असं वाजतं, मामा. गेलंय ते परत यायचं न्हाय. राहिलंय ते मात्र राखता येतं. ग्राइंडरपासनं लांब जायचं, आणि मी दिलेले प्लग कानात घालायचे. एकदा तरी घातले का तुम्ही?"

"प्लग घालून ड्रम कसा कळायचा?"

बाहेर जाणारा, गाडीच्या चाकाचा प्रत्येक ब्रेक-ड्रम जोतीराम हातोडीनं वाजवून बघायचा. चांगला ड्रम लांब वाजतो. आत चीर असली की बद्द. बावीस वर्षं त्याच्या कानानं हो म्हटल्यावरच गाडी भरली जात होती.

बोलता बोलता तो थांबला. स्वतःच्या पंजाकडं बघत म्हणाला, "दोन म्हैन्यात एक बी ड्रम बाजूला काढला न्हाय म्या. सगळंच खणखणीत वाजत हुतं. सायबानं पेढं वाटलं, भट्टी सुधारली म्हणून."

दानेश्वरीनं कागद पुढं ओढला.

"तुम्ही लिवणार ह्ये?"

"हा कागद माझ्या कपाटात राहतो. वर एवढंच जातं, यांना आवाजापासनं लांबचं काम द्या. बाकीचं तुमचं आणि माझं." ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "पण ड्रमचं गप्प न्हाय बसता येणार, मामा. तुम्ही सांगितलंत तर बरं. न्हायतर मला सांगावं लागंल. बाहेर गाडी लागलीया."

गाडीचा हॉर्न दोनदा वाजून गेला होता. त्याला तो ऐकूच आला नव्हता.

जोतीराम उठला, पेटीत जाऊन बसला आणि आतून दार ओढून घेतलं. काचेतून तो दिसत होता, मासा पाण्यात असावा तसा, शांत. तिनं दार वाजवलं नाही. हजेरीसाठी त्याला बोलवायला कुणीतरी दारात आलं, त्याला तिनं हातानंच थांब म्हटलं. ऊन खिडकीतून सरकत तिच्या पायापर्यंत आलं.

मग तो बाहेर आला. "चला. पर तुमी संगट या."

गाडी निम्मी भरली होती. राजवर्धन सुपरवायझर वही घेऊन उभा होता. "काय मामा, आज दवाखान्यात मुक्काम काय?"

"उतरवा खाली. म्या दोन म्हैन्यात वाजवलेला जेवढा माल हाय तेवढा सगळा."

"खुळं झालाय काय? आन् का?"

जोतीरामनं कानाला बोट लावलं. "ह्यो गेलाय."

सगळ्या अंगणानं ऐकलं. क्रेनवाल्यानंसुद्धा वरून खाली बघितलं.

पहिला ड्रम खाली आला. जोतीरामनं हातोडी मारली आणि ड्रमकडं न बघता दानेश्वरीच्या तोंडाकडं बघत राहिला. तिच्या कपाळावर आठी आली. तिनं तोंड उघडायच्या आत त्यानं खडूनं फुली मारली होती.

राजवर्धननं वही मिटली.

दुसरा ड्रम. हातोडी पडली आणि नाद सुटला. अंगणभर पसरला, पत्र्याला लागला, लांबत गेला, लांबतच गेला. दानेश्वरीचा चेहरा मोकळा झाला, तसा त्याचाही. त्यानं खाली वाकून ड्रमवर पंजा टेकवला, थोपटून निजवावं तसा, आणि नाद तिथंच मिटला.

पंजा न उचलता त्यानं तिच्याकडं बघितलं. पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं,

"थांबला का गं, पोरी?"