शेवटचा पाव तास

इसीदेच्या धाकटीचा बाप्तिस्मा झाला त्या वर्षी, म्हणजे १९५१ साली, पो नदीकाठच्या त्यांच्या गावात संगीतनाटकाचा एक जुना चित्रपट आला. संशयी नवरा, निर्दोष बायको, शेवटी सुरा. सारं गाव रडून आलं. इसीदे तर तीनदा.

तिथेच तिला न्हावी ओवीदिओ दिसला. दुकान बंद करून तो रोज यायचा, शेवटच्या पाव तासासाठी पुरं तिकीट काढायचा आणि नटी मेली की डोळे पुसत निघायचा.

त्याची बायको देल्फिना इसीदेची शेजारीण. पाच वर्षांपूर्वी मेंदूज्वरात तिचे कान गेले, तेव्हा दोघं मिलान सोडून इथे आले होते. ती कपडे शिवायची आणि समोरच्याचं बोलणं ओठांवरून ओळखायची.

इसीदे मुद्दाम तिच्यासमोर उभी राहिली. "अगं, तुझा नवरा संध्याकाळी जातो कुठे?"

"पत्ते खेळायला."

"पत्ते! राणीच्या पायाशी बसलेला असतो. गोरीपान, कमरेपर्यंत केस!"

देल्फिनाने सुई खाली ठेवली. "मला घेऊन चल."

"आणि खरं निघालं तर?"

"तर मी मोदेनाला, बहिणीकडे. परत यायची नाही."

थिएटरच्या दारावरच्या पोस्टरपाशी देल्फिना खिळून उभी राहिली. तिने नाटकाचं नाव दोनदा वाचलं.

"हीच ती सटवी," इसीदे म्हणाली. देल्फिनाचं तिच्या ओठांकडे लक्षच नव्हतं.

ओवीदिओ तिसऱ्या रांगेत होता. त्या त्याच्या मागे, जरा कडेला बसल्या. पडद्यावर नवऱ्याने दार लावून घेतलं, नटी गाऊ लागली आणि इसीदे कशासाठी आलो तेच विसरली. काय तो आवाज! भट्टीतून काढलेल्या पावासारखा, ऊब थेट छातीत शिरणारा. अशी बाई डोळ्यांसमोर असताना पुरुषाचा तरी काय दोष?

शेजारी देल्फिना दर ओळीआधी पोटावर हात दाबत होती. बिचारीच्या पोटात कालवतंय, इसीदेला वाटलं. तिने वाकून ओवीदिओकडे पाहिलं. त्याचे डोळे घट्ट मिटलेले.

"मेला, पैसे देऊन झोपतो की काय इथे!"

नटी कोसळली. दिवे लागले. लोक उभं राहून पडद्यालाच टाळ्या वाजवू लागले.

देल्फिना जाऊन नवऱ्यापुढे उभी राहिली. तो दचकून उठला. "तुला ऐकू येणार नाही," तो सावकाश म्हणाला, "म्हणून सांगितलं नाही गं."

"दे एक ठेवून!" मागून इसीदे ओरडली.

देल्फिनाने आपल्या घोगऱ्या, सपाट आवाजात विचारलं, "शेवटच्या ओळीत माझा आवाज सुरात होता?"

"अगदी शेवटपर्यंत," ओवीदिओ म्हणाला.

देल्फिना वारली १९६३च्या मार्चमध्ये. गावाने तिला मरताना बारा वर्षं आधीच ऐकलं होतं.